चढावर थांबणारी गाडी

लुड्विक ग्रॉशेकला कुणी नुसतं ‘कसं काय?’ विचारलं, तरी तो थेट अठराशे बावन्नपासून सुरुवात करायचा. स्टुडबेकर भावांनी अमेरिकेतल्या याच साउथ बेंड गावात लोहाराची भट्टी टाकली, मग घोडागाड्या केल्या. एक भाऊ सोनं शोधायला कॅलिफोर्नियाला गेला आणि सोनं राहिलं बाजूला, खाणवाल्यांना हातगाड्याच विकत बसला. त्याच पैशावर कारखाना वाढला. गोष्टीत कंपनीच्या मोटारी यायच्या आत समोरच्याची कॉफी गार झालेली असे. सांगायचा मात्र असा, की जणू कंपनीच्या बारशाला हा स्वतः पेढे वाटत होता.

हयात त्याने त्याच कंपनीत ब्रेक बसवण्यात घालवली. गेल्या, म्हणजे एकोणीसशे त्रेसष्टच्या डिसेंबरात, ऐन नाताळच्या तोंडावर, कारखान्याला कुलूप लागलं. सगळ्या गल्लीला ते कळलं, एकट्या लुड्विकला कळेना. कॅनडात कंपनीच्या मोटारी अजून बनतायत ना, मग इथलं फाटकही उघडणारच, असा त्याचा हिशेब. रोज सकाळी फाटकापर्यंत जाऊन यायचा.

“जा बाबा, बघून ये,” त्याची बायको वांडा म्हणायची. “कुलूप थंडीने आखडलं असेल.”

पण थट्टेने चूल पेटत नाही. वांडा लोकांचे कपडे शिवू लागली होती, आणि या वयात त्याला दारात उभं करायलाही कुणी तयार नव्हतं. मार्चमध्ये बेकरीवाल्या झोफियाबाईंना पाव पोचवायला ड्रायव्हर हवा असल्याचं कळलं. वांडाने त्याला बजावलं, की हे काम हुकलं तर घर विकायचं आणि डेट्रॉइटला तिच्या बहिणीकडे राहायचं. बहिणीचा नवरा फोर्डमध्ये. म्हणजे रोजच्या जेवणाला फोर्डचं कौतुक तोंडी लावायला! लुड्विक मुकाट्याने निघाला.

बेकरीची गाडी अर्थात दुसऱ्याच कंपनीची. झोफियाबाई परीक्षा घ्यायला शेजारी बसल्या, मागे राय धान्याचे काळे पाव. लुड्विकने गाडी काढली आणि गाडीबरोबर इतिहासही सुरू केला. नदीकडून वर येणाऱ्या चढावर लाल दिवा लागला, तेव्हा तो कॅलिफोर्नियात होता. त्याने गाडी थांबवली, क्लच दाबून ठेवला आणि ब्रेकवरचा पाय खुशाल काढून घेतला.

आता स्टुडबेकरवाल्यांना ही सवयच. त्यांच्या मोटारीत अशी करामत होती, की चढावर एकदा ब्रेक मारला की क्लच दाबलेला असेतो गाडी आपोआप जागच्या जागी राहायची. लुड्विकने आयुष्यभर दुसरी गाडी चालवलीच नव्हती. दुसऱ्यांच्या गाडीला हे कोण सांगणार? ती निवांत मागे निघाली.

“ग्रॉशेकसाहेब,” झोफियाबाई म्हणाल्या, “तुमचा इतिहास पुढे चाललाय आणि माझी गाडी मागे.”

तो ब्रेक दाबेपर्यंत गाडी खांबाला टेकली होती आणि पाव खाली लोळत होते. लुड्विकचा चेहरा पडला. गेलं काम, आता डेट्रॉइट. तो किल्ली काढून त्यांच्या हातात देऊ लागला.

त्यांनी घेतली नाही. “माझ्या नवऱ्यानेही तुमच्याच कारखान्यात जन्म काढला. त्याने तर याच सवयीने माझ्या बेकरीची भिंत पाडली होती,” त्या म्हणाल्या. “परत चढवा. पण या गाडीत तुम्हाला कुणी धरून ठेवणार नाही. पाय ब्रेकवरच ठेवायचा.”

पुन्हा चढ आला, पुन्हा लाल दिवा. लुड्विकने पाय असा रोवून धरला, की पोटरी थरथरायला लागली. दिवा हिरवा होईपर्यंत त्याने एक अक्षर काढलं नाही. गाडी वर आली. सोमवारपासून या, असं झोफियाबाईंनी सांगितलं.

घरी वांडाने पानात कोबी वाढला आणि कामाचं काय झालं म्हणून विचारलं. काम मिळालं, एवढंच तो म्हणाला. भावांचं नाही, भट्टीचं नाही. तिला वाटलं, ताप आला की काय.

जेवता जेवता त्याने काटा खाली ठेवला.

“वांडा, कंपनी बंद झाली गं.”

तिच्या जिभेवर एक टोमणा अगदी तयार होता. तिने तो गिळला आणि खुर्ची त्याच्याजवळ ओढली.

“हो रे,” ती म्हणाली, “झाली.”