कार्पेट सरळ, नमाज तिरकी

कार्पेटवाल्याच्या लग्नाचं गुरुवारी दुपारपर्यंत जवळजवळ जमलं होतं. मशिदीच्या अध्यक्षांच्या धाकट्या मुलीला त्याने मागणी घातली होती. मुलगी तयार होती, तिची अम्मी तयार होती, अध्यक्ष तेवढे अडून बसले होते. मुलगा कामाचा आहे की नुसता तोंडाचा, हे त्यांना बघायचं होतं. म्हणून मशिदीत नवीन कार्पेट घालायचं काम त्यांनी त्यालाच दिलं आणि सांगितलं, "शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजेआधी पुरं करा. मग बोलू."

अध्यक्ष निवृत्त तिकीट तपासनीस. माणूस समोर आला की आधी संशय घ्यायचा आणि मग सलाम करायचा, ही त्यांची नोकरीतली सवय घरीही सुटली नव्हती.

मशीद म्हणजे दुकानांच्या वरचा एक लांब हॉल. पूर्वी तिथे फर्निचरचं गोदाम होतं. बांधणाऱ्याने भिंती रस्त्याला धरून बांधल्या. पुढे इथे नमाज पढली जाईल हे त्या बिचाऱ्याला कुठून ठाऊक असणार? त्यामुळे किब्ला, म्हणजे ज्या बाजूला काबा आहे आणि जिकडे तोंड करून नमाज पढायची ती दिशा, नेमकी एका कोपऱ्यात जात होती. लोक चटया तिरक्या अंथरत आणि तिरके उभे राहत. कोपऱ्यांत त्रिकोण उरत. एकात कुराणाचं कपाट होतं, एकात बंद पडलेला पंखा, आणि एकात कुणाची तरी विसरलेली छत्री असायचीच. इथे लहानाचे मोठे झालेले लोक परगावच्या मशिदीत गेले की तिथेही नकळत तिरके उभे राहत, आणि शेजारचा माणूस त्यांना कोपराने सरळ करत असे.

कार्पेटवालाही इथलाच. नमाजी म्हणून त्याला दिशा झोपेतही सांगता आली असती. पण गुरुवारी सकाळी तो आला तो हातात टेप घेऊन. चटया गुंडाळून नेलेल्या, इमामांचं मिंबर, म्हणजे प्रवचनाचा लाकडी चौथरा, जिन्यात काढून ठेवलेलं, हॉल रिकामा. टेप हातात आली की त्याला भिंतीशिवाय काही दिसत नसे. त्याने भिंतीला सूत धरलं आणि कामाला लागला.

काम देखणं झालं. हिरव्या कार्पेटवर ओळीने कमानी होत्या, एका माणसाला एक. कुठे सुरकुती नाही, कुठे जोड दिसत नाही. सगळ्या कमानींची टोकं एका रेषेत, खिडकीबाहेर, रस्त्यापलीकडच्या सलूनकडे रोखलेली.

दुपारी अध्यक्ष एकटेच तपासायला आले. गुडघ्यावर बसून त्यांनी कडा चाचपल्या, जोडावर नख फिरवलं. खोट सापडेना, तेव्हा ते थोडे हिरमुसले आणि मग त्यांना एकदम भरून आलं. "वा," म्हणाले, आणि तिथल्या तिथे, पहिल्या कमानीत उभे राहून त्यांनी शुक्राण्याची, म्हणजे आभाराची, दोन रकात नमाज पढली. कार्पेटवाला मागे उभा राहून बघत होता. अध्यक्ष कपाळ टेकून सजद्यात गेले तेव्हा त्याला समोर, खिडकीच्या बरोबर मधोमध, न्हावी एका गिऱ्हाइकाच्या गालाला साबण लावताना दिसला. किब्ला तिकडे नव्हता.

त्याला तोंड उघडायला वेळ मिळाला नाही. असरच्या, तिसऱ्या प्रहराच्या नमाजेला लोक जिना चढू लागले होते.

इमामसाहेबांची नजर अधू होती. ते सवयीने आले आणि तिरके उभे राहिले. मागच्या निम्म्या लोकांनी इमामांकडे बघितलं, निम्म्यांनी कमानींकडे. पहिल्या रांगेत प्लंबर तिरका होता आणि किराणावाले चाचा सरळ. रुकूत वाकताना दोघांची डोकी एकमेकांवर आपटली. नमाजेत बोलता येत नाही, म्हणून दोघांनीही नाकातून श्वास सोडला आणि पुन्हा वाकले. पुन्हा आपटली. सजद्यात एकाचं कपाळ दुसऱ्याच्या टाचेपाशी गेलं.

नमाज संपून सलाम फिरला तसा चाचांनी टाळूवर हात ठेवला. "अरे, तू नमाज पढत होतास की टक्कर खेळत होतास?"

"मी किब्ल्याकडे होतो, चाचा. तुम्ही दाढी करायला निघाला होतात."

सगळ्यांनी खिडकीतून बाहेर बघितलं. न्हाव्याने पलीकडून हात हलवला.

मग तिथेच बैठक बसली. ज्याच्या त्याच्या फोनमध्ये किब्ला दाखवणारं होकायंत्र होतं. हॉलच्या मध्ये लोखंडी खांब असल्यामुळे प्रत्येक फोन वेगळी बाजू सांगू लागला. एकाचा काटा तर गरगर फिरत राहिला, आणि त्याने तो खिशात घालून सुभानल्लाह म्हटलं.

"कापून तिरकं घाला," प्लंबर म्हणाला.

"पुरणार नाही. शिवाय कापलं की वाया गेलं," कार्पेटवाला म्हणाला.

"मग भिंती फिरवा," चाचा म्हणाले. त्यांचं डोकं अजून दुखत होतं.

"पण मी म्हणतो, हे तपासलं कुणी?" प्लंबरने विचारलं.

कार्पेटवाल्याने अध्यक्षांकडे बघितलं नाही. "घातलं मी," तो म्हणाला. "चूक माझी."

"ह्याला मुलगी द्यायची होती ना?" मागून कुणीतरी कुजबुजलं. "वरात न्हाव्याकडे नेईल."

अध्यक्ष इतका वेळ छताकडे बघत होते. ते हळूच इमामांपाशी सरकले. "इमामसाहेब, एक मसला विचारायचा होता. समजा, एखाद्या माणसाने नकळत चुकीच्या बाजूला तोंड करून दोन रकात नमाज पढली. नफल, आपखुशीची. नुसतं समजा."

"कोण माणूस?"

"समजा म्हटलं ना."

"अल्लाह नियत बघतो," इमाम म्हणाले. "पण स्वतःच्या मशिदीत, म्हणता?"

"मशिदीचं मी काही बोललो नव्हतो."

"पुन्हा पढून घ्या. म्हणजे, त्यांना घ्यायला सांगा."

कार्पेटवाला गुडघे टेकून कार्पेटची कड उचलत होता. ती अजून चिकटवलेली नव्हती. खालची बाजू साधी, तपकिरी, कमानीबिमानी काही नाही. "उलटं घालू," तो म्हणाला. "कमानी खाली जातील. वर तुमच्या नेहमीच्या रांगा. नवीन येईपर्यंत चालेल."

चाललं. जुम्म्याला हॉल भरला, सगळे तिरके उभे राहिले, कुणाचं डोकं कुणाला लागलं नाही. एकच गोष्ट लक्षात आली नव्हती. कार्पेटच्या पाठीला राठ जाळी असते, आणि ती कपाळावर उठते. नमाज संपवून लोक जिना उतरले ते प्रत्येक जण कपाळावर बारीक चौकडी घेऊन. चाचांनी तसंच दुकान उघडलं. बँकेतला कॅशियर तसाच खिडकीत बसला. न्हाव्याने दारात येऊन विचारलं, "हे आज सगळ्यांना काय झालंय?"

सर्वांत ठळक चौकडी अध्यक्षांची होती. त्यांनी दोन रकात जास्त पढल्या होत्या, आणि सजदे लांबवले होते.

जिन्यात त्यांनी कार्पेटवाल्याला गाठलं. "काल सांगितलं का नाहीस?"

"काय?"

"तेच."

"कुणी विचारलं नाही."

"तपासलं कुणी, असं विचारलं की."

"पढलं कुणी, असं नाही विचारलं."

अध्यक्षांनी जिन्याच्या वर-खाली बघून घेतलं. "आणि उद्या कुणी ते विचारलं तर?"

"खोटं कसं बोलणार, अध्यक्षसाहेब? मशिदीतली गोष्ट."

"सासऱ्याबद्दल विचारलं तर?"

कार्पेटवाल्याने जरा विचार केला. "सासऱ्याच्या गोष्टी कुणी बाहेर सांगतं का?"

"रविवारी घरच्यांना घेऊन ये," अध्यक्ष म्हणाले.

घरी त्यांनी खुर्चीत बसून जाहीर केलं की मुलगा आपण पारखून घेतलाय, चूक पदरात घेणारा आहे, हल्ली अशी माणसं मिळत नाहीत. अम्मीने अल्लाहचे आभार मानले. मुलीने अब्बांसमोर चहा ठेवला आणि त्यांच्या कपाळाकडे बघत राहिली.

"अब्बा," ती म्हणाली, "न्हाव्याने बघितलं का हो तुम्हाला?"

अध्यक्षांनी कप उचलला तसाच खाली ठेवला. "म्हणजे त्या कार्पेटवाल्याने सांगितलं."

"मला सांगितलं. मी काय बाहेरची आहे?"

"काय सांगितलं?" अम्मी आतून म्हणाल्या. "कोण न्हावी?"

रविवारपर्यंत थांबायची गरज नाही, उद्या सकाळीच या, असा निरोप अध्यक्षांनी चहा पिण्याआधी धाडला.