नाण्याची जन्मखूण

"ही जन्मखूण नाही, दिदिमोणी. ही जखम आहे." भिंगाखालचं पाच रुपयांचं नाणं हरिसाधन घोराईंनी अलगद उचलून परत दिलं.

"पण काका, मागच्या बाजूला अक्षरं उलटी उमटलीयत. आरशात दिसावीत तशी!" शाळेत शिकवणाऱ्या रूपसाचा चेहरा पडला.

"उमटणारच. दोन नाणी एकावर एक ठेवून कुणीतरी हातोडा घातलाय. दुसऱ्या बाजूचे सिंह बघा, तोंडं कशी चेपलीयत. ठशाखाली जन्मलेल्या नाण्याचं असं होत नाही. इथे मारलं की तिथे उमटतं, ते जखमेचं. माणसासारखंच."

बेहालातल्या क्लबच्या खोलीत महिन्याच्या दुसऱ्या रविवारी ही शाळा भरायची. कॅरमबोर्डावर पांढरं फडकं पसरायचं, मुरमुऱ्यांचा ढीग मधोमध, मातीच्या भांड्यांतला चहा कडेनं. नाणी जमवायला नव्यानं लागलेली माणसं खिशातून, रुमालातून, औषधाच्या डबीतून आपापलं घबाड काढायची. ट्रामच्या रुळावर चपटं झालेलं, आम्लात झिजलेलं, कुणा लोहारानं भोक पाडलेलं. आणि हरिसाधन एकेकाला हातात घेऊन सांगायचे, हे टांकसाळीत चुकलं, की बाहेर आल्यावर बिचाऱ्यावर बेतलं.

त्यांना ते कळायचं, कारण चौतीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलंच नव्हतं. टांकसाळीत तपासणीच्या पट्ट्यावर बसायचे. समोरून नाणी वाहायची, पावसाळ्यातल्या ओढ्यासारखी खळखळत, आणि त्यातलं वेडंवाकडं नेमकं उचलून ते वितळायला परत पाठवायचे. क्लबचे चिटणीस मृगांकदा नव्या माणसाला त्यांची ओळख एकाच वाक्यात करून देत, "यांच्या हाताखालून एकही चुकलेलं नाणं बाहेर गेलेलं नाही." हरिसाधन तेव्हा खाली बघून भिंग पुसत. पण पुसताना त्यांची मान जराशी ताठ व्हायची, ते सगळ्यांना दिसायचं.

"काका, आज तरी नापास करू नका हं!" मिनीबसचा कंडक्टर निताई दारातूनच ओरडला. गेले चार महिने तो यायचा आणि दर वेळी हात हलवत परत जायचा. "बायको म्हणते, प्रवाशांना सुटे नाहीत म्हणून ओरडतोस आणि घरात डबा भरून ठेवतोस! स्टँडवरचे तर मला भंगारवाला म्हणायला लागलेत."

"तू आणतोसही भंगारच," मृगांकदा म्हणाले.

"आज शेवटचं. हे नापास झालं तर डबा बसच्या गल्ल्यात रिकामा करतो आणि मोकळा होतो. आईची शपथ."

जुन्या तिकिटात गुंडाळलेलं नाणं त्यानं फडक्यावर ठेवलं. कणसांच्या छापाचा एक रुपया. शहाण्णव सालचा. काठाचा एक घास कुणीतरी घेतल्यासारखा.

"कानस मारलीय," मृगांकदा लांबूनच म्हणाले.

हरिसाधननी भिंग डोळ्याला लावलं. घास घेतलेल्या जागी कानशीचे ओरखडे नव्हते, कड गुळगुळीत होती. त्यांनी नाणं फिरवून घासाच्या बरोबर समोरचा काठ पाहिला. तिथली कड उठलेलीच नव्हती, पुसटशी विरून गेली होती.

"दिदिमोणी, इकडे या. तूही बघ रे. पत्र्यातून चकती कापतानाच हा तुकडा राहिला. मग ठसा पडला तेव्हा इथे धातूच नव्हता, म्हणून समोरच्या काठालाही दाब मिळाला नाही. कानस मारणारा हा घास घेईल, पण समोरचा काठ असा विरवणं त्याला जमायचं नाही."

"म्हणजे?" निताईचा आवाज एकदम बारीक झाला.

हरिसाधन उत्तर द्यायला गेले आणि थांबले. उजव्या कणसाच्या टोकापासून काठापर्यंत एक रेघ गेली होती, केसाएवढी. त्यांनी तिच्यावरून नख फिरवलं. ओरखडा असता तर नख आत अडकलं असतं. नख वर चढून उतरलं. ठसाच चिरला की त्या चिरेत धातू शिरतो आणि नाण्यावर अशी उंच रेघ येते.

ती रेघ ते ओळखत होते. त्या ठशाला चीर गेल्याचं पहिल्यांदा त्यांनीच पाहिलं होतं, सकाळची पाळी लागल्यावर तासाभरात. दुपारच्या आत ठसा काढला गेला. त्या चिरेची जेवढी नाणी पडली, तेवढी सगळी त्यांच्या एकट्याच्या पट्ट्यावरून गेली होती.

आणि त्याच सकाळी गेटवर फोन आला होता. गावाहून, एग्र्याहून. आई गेली.

"घोराई, ऊठ, आत्ता बस मिळेल," फोरमन म्हणाला होता.

"हा पट्टा संपवतो," ते म्हणाले होते. "माझं काम दुसऱ्याच्या डोळ्यावर टाकून जाणार नाही."

संपवला. मग निघाले. पोहोचले तेव्हा संध्याकाळ झाली होती, चिता विझत आली होती आणि धाकट्या भावानं त्यांच्याकडे पाहिलंही नव्हतं. त्यानंतर तीस वर्षं एकाच गोष्टीवर त्यांनी मनाला टेकू दिला होता. आईचं तोंड बघता आलं नाही, पण त्या दिवशीही हात चुकला नाही.

आता तो टेकू निताईच्या तिकिटावर पडला होता, काठाचा घास गेलेला.

"काका?" निताई म्हणाला. "नापास ना? सांगा की सरळ. सवय आहे मला."

नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं. निताईनं डबा रिकामा केला असता, हा रुपया उद्या बेहाला चौरस्त्यावर कुणाच्या तरी हातावर पडला असता आणि पुन्हा कधी भेटला नसता.

हरिसाधनना सूप दिसलं. अंगणात बसून आई तांदूळ निवडायची. बोटं पाण्यासारखी चालायची तिची, आणि शेजारी बसून लहानग्या हरीचे डोळे त्या बोटांमागे धावायचे. पट्ट्यावर चौतीस वर्षं ज्या डोळ्यांनी काढली, ते डोळे तिथेच घडले होते. तरी एखादे दिवशी जेवताना बाबांच्या दाताखाली कचकन खडा यायचा. आजी सुनांकडे बघायची. आणि आई चुलीजवळून, पदरही न सावरता, म्हणायची, "माझा आहे तो. तांदूळ मी निवडलेत."

तेवढं म्हणताना ती केवढी उंच वाटायची!

"पास," हरिसाधन म्हणाले. "टांकसाळीची चूक आहे. अस्सल."

निताईनं मृगांकदांच्या पाठीत असा धपका घातला की त्यांच्या हातातला चहा धोतरावर सांडला. "भंगार म्हणता काय! भंगार?"

"अरे मेलो! घोराईबाबू, नीट पाहिलंत ना?"

"नीट पाहिलं. त्या दिवशी पाहिलं नव्हतं." हरिसाधननी क्लबची वही पुढे ओढली. अस्सल निघालेल्या नाण्याची तीत नोंद व्हायची. त्यांनी ठळक अक्षरात लिहिलं. एक रुपया, कणसांचा छाप. चकती कापताना काठ राहिलेला, समोरची कड विरलेली, ठशाला चीर. सापडलं निताई शाशमलला, बसमध्ये. मग क्षणभर थांबून खाली आणखी एक ओळ लिहिली. तपासणीचा पट्टा : हरिसाधन घोराई.

मृगांकदांनी वाकून वाचलं आणि त्यांचा हात धरला. "हे कशाला? मग मी लोकांना तुमची ओळख काय करून देऊ?"

"सांगा, एक गेलं म्हणून," हरिसाधन म्हणाले. "चौतीस वर्षांत एक. आणि तेही यांनीच ओळखलं, म्हणा."

निताईनं नाणं त्यांच्यापुढे धरलं. त्याचे डोळे भरले होते. "काका, तुम्हीच ठेवा. तुमचंच आहे हे."

"माझं आहे, म्हणूनच तू ठेव. स्टँडवर दाखव सगळ्यांना. समोरचा काठ दाखवायला विसरू नकोस."

वर्षानुवर्षांत एखादं अस्सल निघालं तर, घरात बाळ जन्मल्यावर फुंकतात तसा, क्लबात शंख फुंकायची पद्धत होती. कपाटावरून धूळ झटकून रूपसानं तो काढला, छाती भरून श्वास घेतला आणि फुंकला. भर दुपारी शंखाचा लांब, उंच सूर सगळ्या गल्लीवर पसरला. समोरच्या गच्चीवर वड्या वाळत घालणारी म्हातारी कठड्याशी आली.

"काय रे पोरांनो, कुणाकडे बाळ झालं?"

"घोराईकाकांकडे!" निताई खिडकीतून ओरडला. "तीस वर्षांचं आहे!"

खोलीभर हसू फुटलं. हरिसाधननी पेनाचं टोपण लावलं, भिंग पुसलं आणि शंखाचा सूर विरेपर्यंत, देवळात राहावं तसे, ताठ उभे राहिले.