गयाबाईचा गंज

शनिवारी दुपारचा एक वाजला होता आणि प्रज्ञा मागच्या अंगणात उकिडवी बसून एका काळ्याकुट्ट गंजाशी झुंजत होती. गंज म्हणजे मोठं पातेलं, आणि हा काही बारका नव्हता. पंचवीस-तीस माणसांची खिचडी मावेल एवढा, जाड जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा. पाच वाजेपर्यंत तो लख्ख घासून सौंसरच्या विहाराच्या ओट्यावर उपडा घालायचा होता, कारण रविवारी सकाळी त्याच गंजात खीर शिजायची होती. खीर गयाबाईच्या पहिल्या स्मृतिदिनाची, आणि गंजही गयाबाईचाच. आता सांगा, जिवाला घोर लागेल नाही तर काय होईल?

गयाबाई म्हणजे सुखदेव सोमकुवरची बायको. बारा वर्षं तिनं शाळेत पोरांचं मध्यान्ह भोजन रांधलं. शाळेच्या पातळ भांड्यात भात लागतो म्हणून घरचा गंज डोक्यावर घेऊन जायची आणि डोक्यावरच परत आणायची. ती गेल्यावर सुखदेवनं त्याच गंजावर तिचं नाव कोरून आणलं, 'कालकथित गयाबाई सुखदेव सोमकुवर', कालकथित म्हणजे दिवंगत, आणि गंज विहाराला दिला. विहाराच्या भांड्यांची कोठी त्याच्याच ताब्यात. कुणाच्या लग्नाला, कुणाच्या बारशाला भांडी जायची, पण परत आली की ओट्यावर उपडी मांडायची आणि सुखदेवनं एकेक हातानं चाचपायचं, हा तिथला शिरस्ता. म्हाताऱ्याला वाचता येत नव्हतं. बोटांना मात्र सगळं कळायचं.

गयाबाईचा गंज तो मोहल्ल्याबाहेर कुणाला नेऊ देत नसे. प्रज्ञाला दिला, कारण ती मोहल्ल्यातली सून, सगळ्या सुनांसारखी त्याला मामाजी म्हणणारी, त्याच शाळेत शिकवायची आणि गाइडच्या सव्वीस पोरींना घेऊन मोहगावजवळ तीन दिवसांच्या शिबिराला निघाली होती.

"पोरी जेवतीन म्हणून देऊन राहिलो, सूनबाई," सुखदेव म्हणाला होता. "पण लेप लावल्याबिगर चुलीवर ठेवू नको."

"नाही ठेवत, मामाजी," प्रज्ञा म्हणाली होती. म्हणायला काय जातं?

चुलीवर भांडं चढवण्याआधी त्याला बाहेरून राख-मातीचा लेप लावायचा, म्हणजे काजळी लेपावर बसते आणि लेपाबरोबर निघून जाते, हे त्या भागात शाळकरी पोरीलाही ठाऊक. प्रज्ञालाही ठाऊक होतं. पण शिबिराच्या दुसऱ्या दिवशी शेगडीचा गॅस ऐन वेळी संपला, सव्वीस पोरी ताटल्या वाजवत बसल्या, आणि प्रज्ञाबाईंनी तीन दगड मांडून गंज तसाच चढवला. वर जळण काय वापरलं, तर बगिच्यातल्या संत्र्याच्या मोडक्या पेट्यांच्या फळ्या. चिकाचं लाकूड ते. धूर असा निघाला की विचारू नका, आणि गंजाला बाहेरून डांबर फासल्यासारखा थर बसला. आत खिचडी करपली ती वेगळीच.

आतलं काम सासूनं सोपं केलं. सुमनबाईनं शेजारच्या बगिच्यातून गळालेली संत्री टोपलीभर आणली, चिरून गंजात टाकली, पाणी ओतून तासभर उकळली. आतली करपट खपल्या धरून सुटली आणि गंज आतून चांदीसारखा निघाला. प्रज्ञाच्या जिवात जीव आला. पण बाहेरचा थर काही हलेना. राख झाली, विटकरीचा चुरा झाला, नारळाची शेंडी झाली. हात काळे झाले, गंजही काळाच.

"हे घाईचं काम नाही होय," सुमनबाई म्हणाली. "तेलाचं फडकं लावून मऊ करा लागते, मग राखेनं घासा लागते. हळूहळू निघन. आन् नावाची बाजू मले ठेव. तू हात नको लावू."

असं सांगून ती शेतावर कापूस वेचायला गेली. तेवढ्यात फोन वाजला.

"जय भीम, मामाजी."

"जय भीम. गंज धुतला काय?" पलीकडून सुखदेव.

"धुऊनच राहिली."

"पाचले येऊन राहिलो मी ओट्यावर. गयानं कधी काळा गंज घरात नेला नाही."

झालं. प्रज्ञानं फोन ठेवला. काळा गंज घेऊन त्या माणसासमोर कसं उभं राहायचं? आपल्याला तो शिकलेली सून म्हणून चारचौघांत मान देतो, आणि आपण एवढीशी गोष्ट पाळली नाही. तिला स्वतःचीच चीड आली, आणि चिडलेल्या माणसाचा हात कधी धड चालत नाही. नवरा नितीन गाड्यांची दुरुस्ती करायचा. त्याच्या पेटीतून तिनं जाडा रेजमाल काढला, लोखंडावरचा तांबेरा खरवडायचा तो खरखरीत कागद, आणि लागली घासायला.

थर निघाला. खाली पांढरं चकाकतं जर्मन दिसायला लागलं. तिला इतका हुरूप आला की ती थांबलीच नाही, वीतभर, दोन वीत, अर्धा गंज. गोल भांडं, कडी नाही, कान नाही, सगळीकडून सारखंच काळं. नाव कोणत्या बाजूला आहे हे त्या काळ्याखाली कळायला मार्ग नव्हता, आणि नावाचा तिला त्या घटकेला विसरच पडला होता. सासूचे शब्द कानाआड गेले होते.

मग बोटाखाली काहीतरी खरखरलं. तिनं हात थांबवला, पाणी ओतलं, फडक्यानं पुसलं. डावीकडे 'कालकथित' होतं. उजवीकडे 'सुखदेव सोमकुवर' होतं. मधे काहीच नव्हतं. मधे नुसतं गुळगुळीत, चकचकीत जर्मन होतं, आणि त्यात तिचाच चेहरा दिसत होता.

तिनं अंगठा फिरवला. परत फिरवला. उन्हात धरून पाहिलं. गयाबाई गेली होती. आणि राहिलेलं वाचलं तर काय होत होतं? कालकथित सुखदेव सोमकुवर. जित्या माणसाला तिनं मारून ठेवलं होतं. प्रज्ञा तिथंच चिखलात बसली आणि रडली.

नितीन जेवायला घरी आला तेव्हा दोन वाजत होते. त्यानं गंज पाहिला, बायकोकडे पाहिलं, आणि जेवण राहू दिलं.

"पांढुर्ण्याले चाल," तो म्हणाला. "नाव मोतीरामनंच टाकलं होतं नं? मशीन लावन, दोन मिंटात होते. मामाजीले वाचता कुठं येते? नाव पाहिजे त्या जागी खरखरलं म्हणजे झालं."

"म्हणजे फसवाचं?"

"मंग सांग जाऊन. उद्या स्मृतिदिन, आन् आज सांगशीन?"

स्मृतिदिनाच्या आदल्या दिवशी म्हाताऱ्याला जाऊन सांगायचं की तुमच्या बायकोचं नाव मी घासून टाकलं? त्यापेक्षा नाव परत टाकलेलं काय वाईट? तिनं गंज जुन्या लुगड्यात बांधला आणि मोटारसायकलवर मागं बसली. गंज मांडीवर, दोन्ही हातांनी धरलेला, समोरचं काही दिसेना. रस्त्यात फोन वाजला. तिनं उचलला नाही. परत वाजला. तिला वाटलं, गंजाच्या पोटातच वाजतोय.

पांढुर्ण्यात मोतीराम एका भांड्याच्या दुकानाच्या पायरीवर कोरायची मशीन घेऊन बसायचा. गिऱ्हाईक नव्हतं. त्यानं लुगडं सोडलं, गंज फिरवला आणि मोकळ्या जागेवर नख मारलं.

"रेजमाल लावला काय, ताई?" त्यानं विचारलं. प्रज्ञानं मान हलवली. "टाकून देतो. नाव सांगा."

"गयाबाई."

मोतीरामनं मशीन चालू केली आणि लगेच बंद केली.

"हा तर सौंसरच्या बुढ्याचा गंज होय," तो म्हणाला. "मले याद आहे. मी नाव टाकून राहिलो होतो, तर म्हणे थांब, तिचं पहिलं अक्षर मी काढतो. म्या म्हटलं, बाबा, तुमाले लिवता येते काय? म्हणे, एकच अक्षर येते. तिच्या नावाचं. गया ते शाळेत पोराईच्या पाटीवर पाहून शिकली होती, तिनंच मले शिकवलं. मशीन हातात दिली तर हात असा थरथरला त्याचा. ग वाकडातिकडा निघाला, उभी रेघ तर पार खाली घसरली. म्या म्हटलं नीट करून देऊ? म्हणे, खबरदार."

नितीन दुसरीकडे पाहू लागला.

"आता वाकडा काढू म्हणता, तर वाकडा काढतो," मोतीराम म्हणाला. "पण तसा वाकडा मले काही जमाचा नाही."

प्रज्ञाला एकदम कळलं की म्हातारा ओट्यावर गंज का चाचपत होता. भांडं आलं की नाही हे पाहायला नव्हे. वर्षभर तो त्याच एका अक्षरावरून बोट फिरवत होता.

"राहू द्या," ती म्हणाली आणि लुगडं परत बांधलं.

दोघं तसेच परत निघाले. सौंसरला पोचले तेव्हा सव्वापाच वाजले होते. सुखदेव ओट्यावर बसला होता, कोठीची किल्ली हातात, आणि शेजारी सुमनबाई. तिला घरी रेजमाल पडलेला दिसला असणार, कारण ती सुनेकडे पाहत नव्हती.

"फोन काऊन नाही उचलला?" सुखदेवनं विचारलं.

प्रज्ञानं गंज शिरस्त्याप्रमाणे उपडा घातला. म्हाताऱ्याचा हात काठावरून सरकत निघाला, अर्ध्या काळ्या, अर्ध्या पांढऱ्या अंगावरून, आणि नावापाशी आला. तिथं थांबला. मागं गेला, पुढं आला. अंगठा त्या गुळगुळीत जागेवर फिरतच राहिला.

"मामाजी, मी लेप लावला नव्हता," प्रज्ञा म्हणाली. "घाईत तसाच चढवला. मग रेजमालानं घासला. नाव गेलं. मी पांढुर्ण्याला गेली होती, परत टाकून आणाले, तुमाले न सांगता. मग मोतीरामनं सांगितलं ते अक्षर कोणाचं होतं."

सुखदेवनं अंगठा त्या जागेवरून काढला नाही. त्याचे डोळे भरले होते आणि त्यानं ते पुसलेही नाहीत.

"तुले दिला नसता तर बरं झालं असतं," तो म्हणाला.

"हो," प्रज्ञा म्हणाली.

"उद्या सगळे येतीन. हे असं बिननावाचं ठेवू काय मी तिच्या फोटोसमोर?" तो उठला, कोठी उघडून आत गेला. आतून बराच वेळ खडखड ऐकू आली. प्रज्ञाला वाटलं दुसरा गंज काढून आणतोय, हा आता कायमचा कोठीत पडणार. पण तो आला तो हातोडी आणि एक जाड खिळा घेऊन.

गंजासमोर बसून त्यानं खिळा टेकवला. दुसऱ्या हातानं हातोडी उचलली. टक, टक, टक, टिंब टिंब करत ग उमटला. वाकडातिकडा, उभी रेघ खाली घसरलेली. त्यानं अंगठा फिरवून पाहिला आणि हातोडी प्रज्ञाच्या पुढ्यात ठेवली.

"मले एवढंच येते," तो म्हणाला. "तुनं मिटवलं, बाकीचं तू काढ."

प्रज्ञानं खिळा धरला. आयुष्यात तिनं फळ्यावर लाखो अक्षरं लिहिली असतील, पण या तीन अक्षरांना तिला घाम फुटला. यानंतर सुखदेवनं सगळं नाव एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाचपलं. मग सुमनबाईला त्यानं राख-माती कालवून आणायला सांगितली. तिनं घमेलं भरून आणलं.

"आता लाव," तो प्रज्ञाला म्हणाला. "माह्यासमोर. सकाळी चूल पेटली की वेळ नाही राहणार."

प्रज्ञानं बाह्या वर सारल्या आणि मूठभर लेप घेतला. सुखदेवनं तिचं मनगट धरून हात नावाकडे नेला.

"इथून," तो म्हणाला. आणि तिनं पहिला लेप त्या वाकड्या ग वर लावला.