आचाऱ्याच्या बोटावरचा खेकडा

मित्रांनो, यावर तुमचा विश्वास बसणार नाही. माझाच अजून बसत नाही. मी खेकड्याचे एक जुने कवच आहे आणि मी एका माणसाचा हात वाचवला आहे.

समुद्रात माझा असा दरारा होता, की लाटा मला विचारून फुटत. पण जाळ्यापुढे कुणाचे चालते? मी एका खानावळीत आले. तिथला आचारी म्हणजे अवलिया. त्याच्या पातेल्याच्या वासाने बोटी वळून परत येत. लोकांनी मांस खाल्ले, बोटे चाटली आणि मला कचऱ्यात टाकले.

आचाऱ्याची थोरली बहीण प्रयोगशाळेत कामाला. ती रोज बादली घेऊन हजर.

"ताई, लोक माझ्याकडे जेवायला येतात. तू कचरा न्यायला येतेस."

"तू काप रे. जखमांचं मी बघते."

ताईने मला आम्लात बुडवले, माझ्यातला चुना गेला. कॉस्टिक सोड्यात उकळले, चिकटलेले मांस गेले. पाठीचा ताठा तर केव्हाच उतरला होता. उरलेल्या पांढऱ्या चुऱ्यातून तिने धागे ओढले, केसाचे हजार भाग करावेत इतके बारीक. त्यांची झाली पट्टी. किती तपासण्या दिल्या म्हणून सांगू! सगळ्यांत पास होऊन मी इस्पितळात रुजू झाले.

आणि एका दुपारी, गिऱ्हाइकांच्या गर्दीत, आचाऱ्याचा सुरा त्याच्याच बोटांवर उतरला. तो रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या घेणारा. दोन टॉवेल भिजले, तरी धार थांबेना.

"रक्त थांबल्याशिवाय मला बोटं जोडता येणार नाहीत," इस्पितळात डॉक्टरीणबाई म्हणाल्या. बोटे गेली तर आचारी कसला? ताई पांढरीफटक पडली.

तेवढ्यात बाईंनी माझे पाकीट फोडले. मी जखमेवर झेप घेतली आणि पळत्या रक्तपेशींना दरडावले, "कुठे निघालात? धरा एकमेकींना!" मोजून तीन मिनिटांत धार बंद. बोटे जोडली गेली. आठ दिवसांत मी तिथेच विरघळून नाहीसे झाले.

आणि आचारी? वाघाचे काळीज! हूं की चूं केले नाही. उलट बहिणीलाच धीर दिला. म्हणून सांगते मित्रांनो, ताटातले कवच फेकण्याआधी क्षणभर...

"बाबा," समोर बसलेली आचाऱ्याची लेक म्हणाली, "तू किती रडलास ते आत्याने मला सांगितलंय. आणि ते कवच तर विरघळलं ना? मग मघापासून बोलतंय कोण?"