जो माळावर येणार नाही तो चोर

त्या साली धोंडगुरात चोर कुणी पाहिला नव्हता, पण तो कोण हे प्रत्येकाला ठाऊक होतं. कुणी म्हणे तो मांजरा नदीपलीकडच्या वाडीतला आहे, कुणी शेजाऱ्याच्या दाराकडे नुसती भुवई उडवून दाखवी. श्रावणात शिवशंकरप्पाच्या पडवीतून तांब्याच्या घागरी गेल्या, मग एका गोठ्यातून बैलांच्या घुंगरमाळा गेल्या, आणि भाद्रपद लागता लागता भर दिवसा, माणसं रानात असताना, राघोबाचं पेव उघडून कुणीतरी जोंधळा उपसून नेला. पेव जमिनीत असतं. वर माती सारखी केलेली असते. ते कुठे आहे हे घरच्यालाच माहीत असायचं, म्हणून या चोरीने गाव फार हादरलं. तालुक्याहून पोलिसांचे अमीनसाहेब आले, चौकशी केली आणि जाताना म्हणाले, "गांव कू तुमीच संभालो."

मी तेव्हा तिथल्या शाळेवर मास्तर होतो. गावात नवा, आणि बोलायला भित्रा. हे सगळं मी बरोबर सांगतो आहे की पुष्कळ वर्षं पुस्तकं वाचून माझं मलाच काही रचून सांगतो आहे, याची मला खात्री नाही. पण जे आठवतं ते असं.

पोलीस पटेल माणिकप्पा याने गावाचा बंदोबस्त केला. गावकुसाची भगदाडं बाभळीच्या फांद्यांनी बुजवली. वेस दिवसाही लावून घ्यायची, घरटी एकाने पाळीपाळीने तिथे बसायचं. फेरीवाल्यांना आत सोडायचं नाही. आणि हलगी वाजली की ज्याने त्याने आपल्या उंबऱ्यात उभं राहायचं. बाहेर कुणी काहीही ओरडो, उंबरा सोडायचा नाही. या शेवटच्या नियमाला कारण होतं. शेजारच्या गावात चोरांनीच "गंजी पेटली" अशी हाकाटी केली होती. सगळं गाव कडब्याकडे धावलं आणि मागे चोरांनी घरं धुऊन नेली. तेव्हापासून जो घराबाहेर बोलावील तो चोराचा साथीदार, असं आमच्याकडे ठरूनच गेलं होतं.

माझं बिऱ्हाड खालच्या आळीत, नदीच्या अंगाला. माझी बायको नलिनी नुकतीच बाळंत झाली होती. मुलगी झाली होती आणि दहावा दिवस अजून व्हायचा होता. शेजारची सोजराबाई तिचं सगळं करायची. सोजराबाई विधवा, घरात गडीमाणूस नाही. पण पाळी आली की स्वतः काठी घेऊन वेशीत बसायची. कुणी हसलं तर म्हणायची, "चोर काय मिशा बघून पळतो व्हय रे?"

त्या दिवशी तिचीच पाळी होती. शाळा वेशीजवळ, चावडीला लागून. उन्हं चढू लागली होती. मुलं पाढे म्हणत होती आणि वेशीबाहेरून कुणीतरी दार बडवत होतं.

"अक्का, उघड! पाणी यायलंय!"

ती नागम्मा होती, बांगड्या भरणारी. नदीच्या वरच्या अंगाच्या गावात राहायची. सणावाराला आमच्या गावात यायची आणि घराघरात माजघरापर्यंत तिला वाट असायची. चोऱ्या सुरू झाल्यावर पटेलाने सर्वांत आधी तिलाच बंदी केली होती.

"कसलं पाणी?" सोजराबाई आतून म्हणाली. "हितं थेंब पडला न्हाई."

"वर लई पडलंय. आमच्या मारुतीच्या पायऱ्या बुडाल्या. समद्यास्नी माळावर काढ."

"आन् घरं कुणाच्या हवाली करू? तुझ्या?"

पटेल आला, हलगी वाजली. मुलं घरी पळाली आणि नियमाप्रमाणे सारं गाव आपापल्या उंबऱ्यात उभं राहिलं. मीही माझ्या उंबऱ्यात जायला हवं होतं, पण मी चावडीपाशीच राहिलो. नदीकडे पाहिलं. ती रोजच्यासारखी होती. थोडी गढूळ, पण धुण्याचे दगड उघडे होते. आभाळ स्वच्छ होतं.

नागम्माला आत घेतलं. तिचं लुगडं गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलं होतं. हातात बांगड्यांची माळ नव्हती, डोक्यावर टोपली नव्हती. त्याचाही आसपासच्या उंबऱ्यांतून पाहणाऱ्यांनी संशय घेतला.

"तुला येऊ नको म्हणून सांगितलं होतं का न्हाई?" पटेलाने विचारलं.

"सांगितलंत."

"मग कामून आलीस?"

"माझी गिऱ्हाइकं हाईत, पटेल. हातच वाहून गेले तर बांगड्या कुणाला भरू?"

शिवशंकरप्पा उंबरा सोडून तिथवर आलाच होता. त्याच्या घागरी गेल्या असल्यामुळे त्याला कुणी अडवत नसे. तो म्हणाला, "बघा कशी बोलायली. नागपंचमीला आमच्या घरी आली, आन् मागनं घागरी गेल्या."

नागपंचमीला ती सगळ्यांच्याच घरी गेली होती. हे माझ्या मनात आलं, पण मी बोललो नाही. मनात येणाऱ्या गोष्टी बऱ्याचदा चुकीच्या असतात, असा माझा अनुभव आहे.

"कोंडा हिला चावडीत," पटेल म्हणाला. "सांजच्याला तालुक्याला धाडू."

इतका वेळ ती ताठ उभी होती. चावडीचं दार उघडलं तशी तिने चौकट धरली.

"बांधा मला, पटेल. हात बांधा, पाय बांधा. पर हितं नगा. वर माळावरच्या खंडोबाच्या देवळात न्या. तिथल्या खांबाला बांधा."

"वर तुझं कोण बसलंय वाट बघत?" शिवशंकरप्पाने विचारलं आणि आजूबाजूचे हसले.

मला मात्र हसू आलं नाही. चावडीची मागची भिंत पडकी होती, तिला माणूस जाईल एवढं भोक होतं, हे गावात पोरालाही माहीत. पळायचं असतं तर तिला चावडीच बरी होती. देवळाचा खांब दगडी. सुटायची इच्छा असलेलं माणूस तिथे बांधा म्हणून कशाला सांगेल? मग लगेच वाटलं, हे पुस्तकी डोकं आहे. कदाचित माळावर खरंच कुणी असेल. कदाचित मी असा विचार करावा म्हणूनच ती तसं म्हणाली असेल. पण खालच्या आळीत नलिनी होती, मुलगी होती, आणि नदी तिथून अगदी जवळ होती.

मी पुढे झालो. "पटेल, देवळात... बेल-भंडार..."

"मोठ्यानं बोला मास्तर. शाळेत बोलता तसं."

शाळेतही मी असाच बोलत असे. पण सोजराबाईचे कान तिखट होते आणि आवाज त्याहून तिखट.

"मास्तर म्हणायलेत, हिला खंडोबापुढं न्या. बेल-भंडार उचलू द्या. लबाड बोलली तर देव बघून घेईल!"

मी एवढं म्हटलं नव्हतं. पण पटेलाला ते पटलेलं दिसलं. खंडोबापुढे बेल आणि भंडारा हातात घेऊन खोटं बोलण्याची हिंमत आमच्याकडे सहसा कुणी करत नाही. मग मी, कसा कोण जाणे, आणखी एक वाक्य बोललो.

"सगळ्यांनीच उचलावा."

लोक एकमेकांकडे पाहायला लागले.

"व्हय की!" सोजराबाई म्हणाली. "पेव कुठं हाय हे बाहेरच्याला कसं कळलं? गावातलंच कुणी सामील असंल. येऊ द्या समद्यास्नी. जो येणार न्हाई तो चोर!"

आता नाही म्हणणं कुणालाच परवडणार नव्हतं. पटेलालाही नाही. हलगीवाला गल्लीगल्लीतून ओरडत गेला, "बेल-भंडाराला माळावर चला! जो येणार न्हाई तो चोर!" पाणी येतंय म्हणून जे गाव हललं नव्हतं ते आता भराभर निघालं. राघोबाने आंधळ्या आईला पाठुंगळी घेतलं. ती ओरडत होती, "मला कशाला रे? मी काय जोंधळा उपसणार व्हय?" राघोबा म्हणाला, "तू मागं राहिलीस तर लोक काय म्हणतील?" शिवशंकरप्पा कुलूप ओढून बघायला परत फिरला. पण मागच्यांच्या नजरा आपल्यावर आहेत हे पाहून सगळ्यांच्या आधी चढ चढू लागला.

मी घरी पळालो.

"अहो, मला सोयर आहे," नलिनी म्हणाली. "मला देवळात कसं चालेल?"

"देवळात नाही. बाहेर चिंचेखाली बसायचं."

"या वाऱ्यात? एवढ्याशा जिवाला घेऊन? झालंय तरी काय?"

"नागम्मा म्हणते पाणी येतंय. तिला चोर म्हणून धरलंय."

"आणि तुम्हाला काय वाटतं?"

हे मला सकाळपासून कुणी विचारलं नव्हतं. "मला माहीत नाही," मी म्हटलं. तेच खरं होतं.

तिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. "मग ते घोंगडं घ्या," ती म्हणाली आणि भिंतीला धरून उठली. माझ्या मागोमाग आलेल्या सोजराबाईने मुलीला लुगड्यात गुंडाळून उचललं.

माळावर नागम्माला खांबाला बांधलं होतं. पहिला बेल-भंडार तिने उचलला. बांधल्या हातांच्या ओंजळीत पुजाऱ्याने बेल ठेवला. "चोरी केली न्हाई, चोराला सामील न्हाई," ती म्हणाली आणि लगेच मान वळवून नदीकडे पाहू लागली. मग पटेलाने स्वतः उचलला, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. मागे रांग लागली. एकेक जण पुढे जाई आणि बाकीचे त्याच्या तोंडाकडे रोखून पाहत. कुणाचा आवाज जरा कापला की रांगेत कुजबुज होई.

सूर्य डोक्यावर आला. खाली रिकामं गाव, बंद दारं, आणि नदी होती तशीच. लोक आता नागम्माकडे कमी आणि माझ्याकडे जास्त पाहायला लागले.

"मास्तर," पटेल म्हणाला, "गाव मोकळं करायची अक्कल तुमची. हिची न् तुमची वळख कधीची?"

"माझ्या घरात... बांगड्या भरायला येते."

"म्हंजे जाणं-येणं हाय," शिवशंकरप्पा म्हणाला. "पटेल, दोघाजणांना खाली धाडा. घरावर नजर ठेवू द्या."

"कुणाला धाडू?"

तिथेच सगळं अडलं. एकाचं नाव निघालं की दुसरा म्हणे, त्याने अजून बेल उचललेला नाही. ज्याने उचललेला, त्याच्यावर तिसऱ्याचा भरवसा नाही. शिवशंकरप्पा म्हणाला, मी जातो, तर राघोबा म्हणाला, "तूच कामून एवढा घाईला आलास?" भांडत बसले. खाली कुणीच गेलं नाही.

मी चिंचेच्या बुंध्याला टेकून नदीकडे पाहत होतो. ती यावी, असं मला वाटू लागलं होतं. माझं खरं ठरावं म्हणून गाव बुडावं असं मनात आणणारा मी कसला माणूस, हेही वाटत होतं. नलिनीच्या चेहऱ्यावर ऊन आलं होतं. मी घोंगडं धरून उभा राहिलो. मला काहीतरी करत असल्यासारखं दिसायचं होतं.

पाणी गर्जत वगैरे आलं नाही. आधी धुण्याचे दगड दिसेनासे झाले. कुणीतरी "अगं बाई" म्हणालं. मग वळणावरून मुळांसकट एक बाभूळ आडवी आली, तिच्यामागे कुणाचं तरी छप्पर, आणि त्यामागे नदी काठ सोडून पसरत आली. गावकुसाला लावलेल्या काटेरी फांद्यांनी तिला थोडा वेळ अडवलं, मग फांद्याच आत वाहत गेल्या. चावडी मागच्या बाजूने बसली. नंतर खालची आळी. माझ्या घराची भिंत मी पाहिली. ती पडली नाही, थकल्यासारखी खाली बसली.

राघोबाची पाळी होती. बेल त्याच्या हातात तसाच होता. देवापुढे काय म्हणायचं ते तो विसरला आणि त्याला कुणी आठवणही केली नाही.

बऱ्याच वेळाने पटेल नागम्मापुढे जाऊन उभा राहिला. मला वाटलं, आता हात जोडेल.

"तुला आधी कसं कळलं?" तो म्हणाला.

"नदीला वळसा हाय, पटेल. मी सरळ वाटेनं पळत आले."

पटेल तिच्याकडे पाहतच राहिला. उत्तर पटलं होतं, पण त्यातही काही दडलेलं असेल असं जणू त्याला वाटत होतं. तिला सोडा, असं तो म्हणाला नाही. बांधून ठेवा, असंही नाही. मी गाठ सोडवायला गेलो. घट्ट आवळलेला दोर माझ्या नखांना दाद देईना. अखेर सोजराबाईने मला बाजूला सारलं आणि विळ्याने तो कापला.

पाणी ओसरेपर्यंत कुणालाच कुठे जाता येणार नव्हतं. नागम्मालाही नाही. ती मनगटं चोळत जरा लांब बसली. ती बसली तशी त्या बाजूच्या बायकांनी आपापली गाठोडी मांडीवर घेतली. नकळत घेतली असतील. पण घेतली.

नलिनीने ते पाहिलं. तिचे हात भरून आले होते, अंगात ताकद नव्हती. सोजराबाई शेजारीच होती. पण नलिनीने हाक मारली ती दुसरीकडे.

"नागम्मा, जरा घेतेस का हिला?"

नागम्माने आधी आजूबाजूच्यांकडे पाहिलं, मग उठून आली. मुलीला घेतलं आणि मांडीवर आडवं करून पदराने ऊन अडवलं. मुलीच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला एक सोन्याचा मणी होता. नागम्माची बोटं त्या दोऱ्याशी गेली. तो मानेला काचत होता, तो तिने सैल केला. माझी नजर त्या बोटांवरून हलेना. माझा त्या बाईवर विश्वास बसला होता. तिच्यामुळेच मी माझ्या माणसांना इथवर आणलं होतं. तरी नजर हलेना.

"अहो, असं काय टक लावून बघता?" नलिनी हळूच म्हणाली. "मूल दिलंय तिच्याकडे."

मी मान वळवणार होतो. पण नागम्माने ते ऐकलं होतं. मुलीवरची नजर माझ्याकडे वळवून ती म्हणाली,

"बघू दे, अक्का. मीबी त्यांच्याकडं बघायलेय."