दहापासून सुरू होणारा टेप

मित्रांनो, मी एक जुना मोजायचा टेप आहे आणि माझी सुरुवात दहापासून होते. एक ते नऊ हे आकडे माझ्या अंगावर नाहीतच. तुम्ही हसाल, ठाऊक आहे मला. हसून घ्या. लोकांच्या हसण्याची मला सवय झाली आहे, लाज मात्र अजून गेलेली नाही.

जन्मलो तेव्हा मी असा नव्हतो. कारखान्यात माझ्या पिवळ्या पोलादी पट्टीवर काळ्या रेघा उमटल्या, तेव्हा टोकाला चकचकीत हूक होतं आणि त्याच्या शेजारी ऐटीत उभा असलेला एकचा आकडा. पोटात स्प्रिंग घालून मला लाल डबीत बसवलं गेलं. हार्डवेअरच्या दुकानात मी खिळ्यांच्या डब्यांच्या वर लटकत असे आणि आपल्यावाचून कुणाचं घर उभं राहणार नाही, अशा तोऱ्यात असे.

नुकतंच लग्न झालेल्या एका बस ड्रायव्हरने मला विकत घेतलं. त्याच्या दोन खोल्यांच्या घरात सामान कमी आणि हौस फार. जुन्या पलंगाच्या पट्ट्यांतून त्याने चपला ठेवायची मांडणी केली, मोडक्या दाराचं जेवणाचं टेबल केलं, गंजक्या डब्यांना निळा रंग लावून त्यांत रोपं लावली. "सुतार कशाला हवा? आपले हात काय गहाण पडलेत?" असं तो म्हणायचा. पुढे त्याला चिमी नावाची मुलगी झाली. ती त्याला बाबा म्हणू लागली, आणि मीही मनातल्या मनात त्या नवरा-बायकोला आई-बाबाच म्हणू लागलो.

माझी फजिती पहिल्याच वर्षी झाली. बाबांनी मला खिडकीपासून दारापर्यंत ताणलं होतं. तेवढ्यात हात सुटला, मी सुसाट मागे आलो आणि माझं हूक दाराच्या कडीत अडकून उपटलं गेलं. टोक फाटून वाकडंतिकडं झालं. बाबांनी पत्रा कापायची कात्री आणली आणि बरोबर दहाच्या रेघेवर मला कापून टाकलं.

"दहा वजा करायला सोपे," ते आईला म्हणाले. "सात नि आठ वजा करत कोण बसणार?"

नाक कापलं गेलं असं लोक नुसतं म्हणतात. माझं खरोखरच कापलं गेलं.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, म्हणजे पुढचं कळेल. घरातल्या घरात मी चुकत नाही. भिंत मलाच लावून मोजली आणि फळीही मलाच लावून मोजली, तर दोन्हीकडे तीच खोट येते आणि काम चोख होतं. घोटाळा होतो तो आकडा घराबाहेर गेल्यावर. दुकानदाराचा टेप एकपासून सुरू होतो. म्हणून दुकानात माप सांगायचं, तर माझ्या आकड्यातून दहा वजा करून सांगायचं.

पहिल्याच खेपेला बाबा विसरले. पडद्याची दांडी दहा सेंटिमीटर लांब आली. तशी काही मोठी गोष्ट नव्हती, करवतीने कापली की झालं. पण बाबांचं तोंड एवढंसं झालं. ते धड जेवले नाहीत, आणि आईने ते पाहिलं. त्या दिवसापासून दुकानात जायचं काम तिने आपल्याकडे घेतलं. बाबा माप सांगायचे, हमखास दहा वजा करायला विसरून. आई दुकानात जाऊन गुपचूप वजा करायची. काच बरोबर बसायची, फळी बरोबर बसायची, आणि बाबा मिशीला ताव देऊन म्हणायचे, "बघ, माझं माप कधी चुकलंय? वजाबाकी डोक्यातल्या डोक्यात होते आपली."

"तर काय!" आई म्हणायची आणि पोळ्या लाटायला लागायची.

मी मात्र डबीत अवघडून बसायचो. माझ्यातल्या खोटीपायी त्या बाईला असं गुपित सांभाळावं लागत होतं. त्यात एकदा शेजारच्या काकांनी मला मागून नेलं आणि सांगायचं राहून गेलं. त्यांची आरशाची काच चौकटीत मावेना. "हा टेप आहे की थट्टा?" म्हणत त्यांनी मला आईच्या हातात आपटलं. त्या दिवशी तर कुठे तोंड लपवू असं झालं मला.

चिमी मोठ्या वर्गात गेली. ती इस्त्रीच्या टेबलावर वह्या पसरून अभ्यास करायची आणि कुणाला कपडे इस्त्री करायचे असले की उठायची. एका संध्याकाळी तिने हळूच विचारलं, "बाबा, मला माझं टेबल मिळेल का? लहानसंच."

खिडकीजवळ दोन भिंतींच्या मध्ये एक कोनाडा होता. बाबांनी ठरवलं, दोन्ही भिंतींना लाकडी पट्ट्या ठोकायच्या आणि त्यांच्यावर एक फळी टेकवायची. झालं टेबल. नेमका त्याच वेळी मामा आला होता. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, जिभेला हाड नसलेला, पण मनाचा मोकळा.

"दाजी, माझ्या ओळखीचा सुतार पाठवतो," तो म्हणाला. "पैशाचं मी बघतो. तुमचा तो नकटा टेप बघूनच मला धडकी भरते."

बाबांचे कान लाल झाले. "रविवारी जेवायलाच ये," ते म्हणाले. "चिमीचं टेबल बघायला. आणि काही चुकलं तर खुशाल सुतार पाठव."

मित्रांनो, त्या बोलण्यात काय पणाला लागलं होतं, ते मला कळत होतं. या घरातली एकूण एक वस्तू बाबांच्या हातची होती. एक सुतार दारातून आत आला असता, तर त्या सगळ्याच वस्तूंनी मान खाली घातली असती.

म्हणून बाबांनी या वेळी जीव ओतून मोजलं. मला कोनाड्यात ताणलं, चष्मा पुसला, पुन्हा ताणलं. "एकशे चाळीस," ते पुटपुटले. मग, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, त्यांना आठवलं. "दहा गेले. एकशे तीस." त्यांनी बाहेर जाऊन आईला सांगितलं, "एकशे तीस. आणि दुकानदाराला माप दाखवायला लागलं, तर हा टेप असू दे," असं म्हणून मला तिच्या पिशवीत टाकलं.

आई कामावरून परतताना प्लायवूडच्या दुकानात गेली. तिथे एक छान फळी कोपऱ्यात पडून होती. कुठल्याशा मोठ्या कामातून उरलेली, म्हणून स्वस्तात मिळत होती. तसा तुकडा तेवढा एकच होता.

"किती ठेवू?" दुकानदाराने विचारलं.

आई क्षणभर थांबली. तिने मनात हिशेब केला, नेहमीसारखा. "एकशे वीस," ती म्हणाली.

पिशवीत छत्री आणि कांद्यांच्या मध्ये दबलेला मी तडफडत होतो. अगं आई, त्यांनी केलंय वजा! या वेळी केलंय! पण टेपला कुठली वाचा? करवतीचं मशीन घरघरलं आणि फळी कापली गेली. लांब फळी कापता येते, आखूड फळी वाढवता येत नाही. मी त्या कांद्यांना तोंड दाखवायच्या लायकीचाही उरलो नाही.

रविवारी मामा आला. बाबांनी पट्ट्या आधीच ठोकल्या होत्या. चिमी आपल्या पेन्सिली डब्यात घालून तयार उभी होती. बाबांनी फळी उचलली, डावीकडच्या पट्टीवर टेकवली आणि हात सोडला. उजवी बाजू धाडकन खाली आली.

बाबांनी पुन्हा टेकवून पाहिलं, जणू फळी मध्ये वाढली असेल. ती वाढली नव्हती.

"राहू द्या बाबा," चिमी डोळे पुसत म्हणाली. "मला इस्त्रीचं टेबल चालतं." आपण मागायलाच नको होतं, असा तिचा चेहरा झाला होता.

मामाने तोंड उघडलं. आईने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने ते तसंच मिटलं.

"तो मेला टेपच तुटका!" ती एकदम म्हणाली. "फेकून द्या त्याला."

बाबांनी मला उचलून कोपऱ्यात भिरकावलं. मित्रांनो, खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. निदान मार तरी योग्य अंगावर पडला होता. पण बाबा खाली मान घालून नुसते बसून राहिले. ते म्हणाले, "टेपला काय बोलायचं? मीच मेला बिनडोक. पाठव रे तुझा सुतार."

आईच्या हातातला पदर तिच्या बोटांना गुंडाळला जात होता आणि सुटत होता. सांगावं, तर इतक्या वर्षांचं गुपित उघडं पडणार आणि बाबांना कळणार की त्यांचं माप एकदाही बरोबर नव्हतं. न सांगावं, तर त्यांनी एकदाच बरोबर केलेल्या मापापायी हा माणूस खाली मान घालणार.

बाबा उठले, कोपऱ्यातून मला घेतलं आणि फळी व भिंत यांच्यातली फट मोजली. "वीस," ते म्हणाले. "दहा गेले. दहा." मग ते थबकले. बरोबर दहा. ना नऊ, ना अकरा. त्यांनी हळूहळू आईकडे पाहिलं.

"तू पण वजा केलेस?"

आईने होकारार्थी मान हलवली.

"नेहमी करतेस?"

"पडद्याच्या दांडीपासून," ती अगदी बारीक आवाजात म्हणाली. "तुम्ही जेवला नव्हतात त्या दिवशी."

बाबांच्या चेहऱ्यावर किती रंग आले नि गेले. ते तिच्याकडे बघेनात, ती त्यांच्याकडे बघेना. मामा खिडकीबाहेर बघू लागला, आणि त्या माणसाने एवढं भान दाखवल्याचं मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. शेवटी बाबा म्हणाले, "मग यापुढे तूच कर वजा. मी मोजीन फक्त. दोघांनी मिळून हुशारी केली, तर हे असं होतं."

आई हसायला गेली आणि रडली.

त्यानंतर मामानेच बाह्या सरसावल्या. मोडक्या खणाची एक फळी उभी करून त्याने आणि बाबांनी उजव्या बाजूला पाय ठोकला. सुतार आला नाही. भिंतीलगतची फट तशीच राहिली. तिच्यात आता चिमीच्या चित्रांच्या गुंडाळ्या उभ्या असतात, आणि आपल्याला हवी तशीच जागा मिळाली, असं ती मैत्रिणींना सांगते. ती फट दिसली की मी मात्र डबीत आणखी थोडा आत सरकतो.

पुढच्या आठवड्यात मामाने नवा टेप पाठवला, हूक आणि एकच्या आकड्यासकट. तो चिमीने घेतला. बाबा अजून मलाच ताणतात आणि मोठ्याने ओरडतात, "एकशे साठ! मी काही केलेलं नाही हं!" आतून आई म्हणते, "कळलं हो."

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखी एखादी तुटकी वस्तू असेल, तर तिला जरूर सांभाळा. पण तिची खोट कोण सांभाळतंय, ते एकमेकांना एकदा सांगून टाका. माझं नाक कापलं गेलं, त्याची लाज मी जन्मभर बाळगली. ज्या दिवशी त्या दोघांची मान माझ्यामुळे खाली गेली, त्या दिवसाच्या लाजेपुढे ती काहीच नव्हती.