पदरात मागितलेला मका

चंद्री सकाळपासून उठली नव्हती. देवळाच्या गोशाळेतली ती सर्वांत धाकटी कालवड. पारोळ्याहून आलेल्या किरण डॉक्टरांनी अंगठ्याने तिची पापणी खाली ओढली. आतला रंग हळदीसारखा होता.

"खायला काय घालता?"

"मकाना भरडा," गोशाळेचे कारभारी निंबाआबा म्हणाले. "गावनी दान दिधेल शे. बठ्ठं भक्तीनं."

डॉक्टरांनी पोत्यात हात घातला. मूठ बाहेर आली तेव्हा बोटांना हिरवट पूड लागली होती. "ही बुरशी. हिचं विष दाण्यात उतरतं. नमुना तपासणीला पाठवतो, पण तोवर एक दाणाही घालू नका."

दाराशी बादली घेऊन उभा असलेला गावातला शेतकरी सुकदेव पुढे झाला. "पण डॉक्टर, आम्ही धुऊन दिला होता. चांगला उन्हात वाळवला."

"धुतल्यानं पूड जाते, भाऊ. विष जात नाही."

गावाची रीत अशी की हरिनामाचा सप्ता बसला की उठेपर्यंत शेतात विळा लावायचा नाही. यंदा सप्ता बसायच्या आधीच कणसांची पानं पांढरी पडली होती. सप्त्यात विणा धरणाऱ्या सुकदेवला त्याची बायको ताईबाई म्हणाली होती, "आयका, कुंदनना बाप, मका तयार शे. आधी काढी ल्या, मंग गळामा इना घाला." सुकदेव हसला होता. "मका काय पळी जास का? देव राखस." सप्ता रंगला. नामाचा गजर चालू असतानाच परतीचा पाऊस आला आणि उभ्या कणसांत पाणी शिरलं. काल्याचा प्रसाद घेऊन गाव शेतात धावलं, ओलीच कणसं तोडली आणि पुन्हा भिजू नयेत म्हणून ताडपत्रीखाली दाबून ठेवली. आत ती उबली. पारोळ्याच्या व्यापाऱ्याने दाणे नाकाशी नेले आणि परत पोत्यात टाकले. मग वाया जाण्यापेक्षा गोमातेच्या मुखी लागू दे, म्हणून गावाने तो मका गोशाळेला दिला. सर्वांत आधी सुकदेवने.

डॉक्टर गेल्यावर तो आबांच्या मागे लागला. "आबा, कोठीनी किल्ली द्या. मका बाहेर काढू."

"दिधेल दान कोणी परत लेस का? वंशले लागस ते."

"गायस्ले घालसात का मंग?"

"आते गवत कोठे शे? बाकीन्या गाई चांगल्या खाई राहिन्यात. एक कालवड बसनी म्हणीसन गोमातानं तोंड बांधू का?" आबा किल्ली कमरेला खोचत म्हणाले. "तू विणेकरी शे, सुकदेव. इना सांभाळ. कोठी मी सांभाळस."

आबांच्या मनात पाप नव्हतं. म्हणूनच सुकदेवला वाटेना की काही उपाय उरलाय. त्याने घरी येऊन सगळं सांगितलं. ताईबाई चुलीपुढे बसून ऐकत राहिली. उपासाची भगर करपली तरी तिचं लक्ष गेलं नाही.

त्या संध्याकाळी एकादशीचं कीर्तन होतं. ते आटोपलं की गाईंना भरडा पडायचा. कीर्तनकार प्रेमराज महाराजांनी अभंग लावला, टाळकऱ्यांच्या रांगा डोलू लागल्या. सुकदेव विणा घेऊन उभा होता, पण त्याच्या तोंडी नाम फुटत नव्हतं. भिंतीपलीकडे एक गाय हंबरली. त्याचे डोळे भरले. विणा खाली ठेवता येत नाही, आणि घ्यायला कोणी पुढे येईना.

तेवढ्यात बायकांच्या बाजूने ताईबाई उठली. भर कीर्तनात ती चालत निंबाआबांपुढे आली आणि तिने पदर पसरला. मृदंग थांबला.

"आबा, भीक घाला."

"काय मांगस, व माय?"

"मका. बठ्ठा. कोठीमा शे तितला."

"दान परत..."

"दान नही लेत मी. दान तुम्हनं व्हई गयं. मी भिकारीन शे, दारमा उभी शे. एकादशीले रिकामा पदर धाडशात का?"

 प्रेमराज महाराजांनी हातातली चिपळी हळूच कमरेला खोचली. सुकदेव पुढे झाला. त्याने गळ्यातला विणा काढून आबांच्या गळ्यात घातला आणि त्यांच्या पाया पडला. रीतच तशी, विणा समोर आला की नाही म्हणता येत नाही. मग ताईबाईच्या शेजारी त्याने आपलं उपरणं पसरलं.

आबांचे दोन्ही हात विण्यात अडकले होते. त्यांनी दोन पसरलेल्या कापडांकडे पाहिलं आणि किल्ली खोचलेली कमर पुढे केली.

"कमरले शे," ते शेवटी म्हणाले. "काढी ल्या."

पोती गावाबाहेर खड्ड्यात ओतली गेली. ज्यांनी भक्तीनं आणली होती त्यांनीच वर माती लोटली. आता गाईंना काय घालायचं, हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

सुकदेव बांधावरचं मूठभर हिरवं गवत खुडून चंद्रीपाशी बसला. गवत तिच्या तोंडाशी धरलं. देवळात आबा नाम घेत होते. चंद्रीने मान उचलली नाही. त्याने हात मागे घेतला नाही.